पट्टी, खोली आणि वीतभर अंतर

घरी बसून रॉक गाणी करणाऱ्या मुलांचे लॅपटॉप उघडून पाहिले की एक गोष्ट हमखास सापडते. सात-आठ गाणी असतात, गिटार झालेली, बास झालेला, ड्रम्स झालेले, आणि व्होकलच्या, म्हणजे गाणाऱ्या आवाजाच्या, ट्रॅकवर काहीच नसतं. देवगड ते रत्नागिरीच्या पट्ट्यात ओळखीच्या चार बँडकडे मी हे पाहिलंय, आणि आमच्या स्वतःच्या बँडमध्येही दोन वर्षं तेच चाललं होतं. गिटार वाजवायला लाज वाटत नाही, गायला वाटते. त्यातून धीर करून कुणी एकदा गायलंच, तर ऐकताना आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो, पातळ, मधूनमधून कणसूर. मग ‘आपला आवाजच बरा नाही’ असं म्हणून माणूस माईक कपाटात ठेवून देतो.

हे मला फार लागतं, कारण यातले बहुतेक गळे चांगले असतात. रेकॉर्डिंगमध्ये नुसता गळा येत नाही. त्यात खोली येते, माईकपासूनचं अंतर येतं, हेडफोनमध्ये काय ऐकू येत होतं त्याचा परिणाम येतो, आणि दुसऱ्याच्या पट्टीत गायल्याचा ताण येतो. हे सगळं एकत्र कानावर पडतं आणि दोष एकट्या गळ्याला लागतो.

पहिला धक्का तर कुणालाच चुकत नाही. आपण बोलतो किंवा गातो तेव्हा आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो. एक हवेतून कानात, आणि दुसरी कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत. हाडांच्या वाटेने खालचे, जाड सूर जास्त पोचतात, त्यामुळे आपल्याला आपला आवाज भरदार वाटतो. माईकला ही दुसरी वाट नाही. त्याला जे ऐकू येतं तेच गेली वीस-पंचवीस वर्षं आपल्या घरच्यांना ऐकू येतंय, आणि ते आपल्याशी अजून बोलतात. रोज दहा मिनिटं स्वतःला रेकॉर्ड करून ऐका. पंधरा दिवसांत कान सरावतो आणि मग खरे दोष वेगळे दिसू लागतात.

आता पट्टी. ही गोष्ट मला एका भजनी बुवांनी शिकवली. गणपतीत आमच्याकडे भजन होतं, मंडळी यायच्या आधी आम्ही पडवीत गिटार घेऊन बसलो होतो. बुवा चहा घेत ऐकत होते. गाणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “पट्टी खयची रे तुझी?” मला उत्तर देता आलं नाही. गाण्याची पट्टी मला माहीत होती, माझी नव्हती. ते म्हणाले, “दुसऱ्याच्या पट्टीत गावक गेलास तर घसो फाटतलो.” मग पेटी पुढे ओढून त्यांनी माझ्याकडून ‘सा’ लावून घेतला, एकेक पट्टी वर-खाली करत. पाच मिनिटांचं काम होतं ते.

भजनाला बसणारा कुणीही आधी पट्टी ठरवतो. पुरुष साधारण काळी एक-दोनच्या आसपास, बायका काळी चार-पाचच्या आसपास, आणि त्यातही प्रत्येकाचं थोडं मागेपुढे. रॉक बँडवाली मुलं मात्र मूळ रेकॉर्डची पट्टी तशीच उचलतात, कारण कॉर्ड त्याच पट्टीतल्या मिळतात. गिटारची सगळ्यात बारीक तार मोकळी छेडा. तो सूर म्हणजे ई, पेटीवरची पांढरी तीन, सेकंदाला साधारण 330 कंपनं. न शिकलेल्या पुरुषी गळ्याचं अवघड वळण याच सुराच्या जरा खाली-वर येतं. तिथपर्यंत छातीचा आवाज, म्हणजे बोलण्यासारखा जाड आवाज, जातो. तोच आवाज तसाच पुढे ढकलला की मान ताठ होते, हनुवटी वर जाते, घसा आवळतो, आणि सूर जागेवर पोचायच्या आतच थांबतो. कणसूर म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. पाश्चात्त्य रॉकमधले कितीतरी कोरस, म्हणजे गाण्यात परतपरत येणारी ध्रुपदं, या वळणाच्या वरच बांधलेले असतात, कारण गाणारे गळे मुळात उंच आणि वर्षानुवर्षं तयार केलेले. मुलींची अडचण उलटी: पुरुषाने गायलेलं गाणं मूळ पट्टीत त्यांना खाली पडतं, आणि एक सप्तक वर नेलं तर फार उंच जातं.

उपाय म्हणजे गाणं आपल्या घरी आणायचं. मोबाईलवरचा पियानो उघडा, खाली उतरत जा, आणि शब्द स्पष्ट ऐकू येतील असा शेवटचा सूर लिहून ठेवा. मग वर चढत जा. ज्या सुरावर एक अख्खं वाक्य मान न ताणता तीनदा म्हणता येतं, तो तुमचा वरचा कामाचा सूर. गाण्यातला सगळ्यात उंच सूर याच्या एक-दोन पट्ट्या खालीच राहिला पाहिजे, कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी तोच सूर तीस वेळा गायचा असतो. गाणं उतरवायला गिटारच्या सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावा. कितीतरी मोठे रॉक बँड हे कायम करत आलेत, त्यात कमीपणा काही नाही. पूर्ण सूर उतरवायचा असेल तर तारा जरा जाड घ्या, नाहीतर त्या ढिल्या पडून खुळखुळतात.

पट्टी सापडली तरी कोकणातल्या घरात दुसरी अडचण उभी असते, ती म्हणजे वाडी. इथे घरं सुटी असली तरी आवाज सगळीकडे जातो. शेजारच्या अंगणात सुपारी सोलणाऱ्या काकींना तुमचा प्रत्येक टेक ऐकू जातो आणि दुसऱ्या दिवशी त्या विचारतात, “काल काय झालेला रे?” म्हणून मुलं दबक्या आवाजात गातात आणि गेन, म्हणजे माईकचा आवाज किती मोठा करून घ्यायचा ते बटण, वाढवून भरपाई करायला बघतात. ते जमत नाही. स्वरतंतूंखाली हवेचा दाब कमी असला की ते हलके मिटतात आणि आवाजातली वरची चमक तयारच होत नाही. गेन वाढवून आवाज मोठा होईल, पण जी चमक निघालीच नाही ती येणार कुठून? वर पंखा, रातकिडे आणि समुद्राची गाज मात्र इमानदारीत मोठी होते. आम्ही शेवटी शेजारी जाऊन सरळ सांगितलं: संध्याकाळी पाच ते सात आम्ही गाणार, तुम्हाला चालेल का? सगळ्यांनी हो म्हटलं. एका आजोबांनी तर आमची वेळ लक्षात ठेवून त्यांचा पंप उशिरा लावायला सुरुवात केली.

याच्या उलट प्रकार बँडच्या सरावात होतो. 1911 साली एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवली: आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. आपण चढवतोय हे त्याला कळतही नाही. ड्रम्स आणि अँपसमोर उभं राहून तासभर गायल्यावर आवाज बसतो तो याचमुळे. सरावात गिटारचे अँप कमी करा, गाणाऱ्याला त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, आणि सरावाच्या दिवशी व्होकल रेकॉर्ड करायला बसू नका.

आता खोली. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण लोक माईकवर हजारो रुपये घालतात आणि खोलीकडे बघतही नाहीत.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा बारीक थरथरता आवाज आला, तर तो समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आदळत फिरणारा आवाज आहे. आम्ही पहिल्यांदा रेकॉर्ड केलं ते घराच्या मागच्या नव्या स्लॅबच्या खोलीत. दहा बाय दहा, उंचीही जवळपास दहाच फूट, गुळगुळीत गिलावा, खाली टाइल्स, सामान काही नाही. यापेक्षा वाईट खोली शोधून सापडली नसती. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण 57 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 57 कंपनांचा, सूर अडकून घुमतो, आणि त्याची दुप्पट म्हणजे 114 हर्ट्झ. पुरुषाचा बोलण्याचा आवाज याच भागात असतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असली की तिन्हीकडचा घुमारा एकाच सुरावर येऊन बसतो. त्यामुळे गाताना काही खालचे सूर अचानक फुगत होते आणि बाकीचे बारीक राहत होते. तेव्हा मला वाटलं, माझाच दमसास अपुरा पडतोय.

जुनं कौलारू घर असेल तर नशीब समजा. उतरतं छप्पर जमिनीला समांतर नसतं, आणि कौलांच्या फटींतून बराच आवाज बाहेर निघून जातो, परत येत नाही. जांभ्याच्या भिंती जाड आणि जड, त्यामुळे आवाज अडवतात. पण आतून गिलावा केलेला असेल तर त्याही टाइल्ससारखाच आवाज परत फेकतात. इथे एक घोळ नेहमी होतो. आवाज बाहेर जाऊ न देणं हे एक काम, आणि आत घुमू न देणं हे वेगळं काम. पहिल्याला वजन लागतं आणि फटी बंद कराव्या लागतात. दुसऱ्याला जाड, मऊ, हवा आत शिरेल असं काहीतरी लागतं. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून यातलं काहीच होत नाही, ते हलक्या कागदाचे असतात. पातळ फोमही फक्त वरचे सूर खातो, मग खोली न घुमता गुदमरल्यासारखी वाटते आणि खालचा घुमारा तसाच राहतो.

किती जाडी लागते याचा साधा हिशोब आहे. 1000 हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे 34 सेंटिमीटर. ती शोषायला भिंतीपासून तिच्या पाव लांबीवर, म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटरवर, जाड काहीतरी हवं. 100 हर्ट्झला हेच अंतर 85 सेंटिमीटर होतं, आणि एवढी जागा घरात कुणीच देणार नाही. म्हणून कापसाची गादी भिंतीला चिकटवून न ठेवता चार बोटं पुढे उभी करा. गोधडी लावायची तर दुहेरी करून दोरीवर टाका, भिंतीपासून सुटी.

गादी लावायची कुठे? बहुतेक जण माईकच्या मागे लावतात. पण गाण्याचे नेहमीचे माईक समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं फार कमी. गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत मात्र माईकच्या बरोबर समोर येते. आवाज खोलीत फिरून तिथून परत येतो आणि थेट माईकमध्ये शिरतो. पहिली गादी तिथे, तुमच्या पाठीमागे. मग डाव्या-उजव्या बाजूला गोधड्या. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं करून त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलात तरी फरक ऐकू येईल.

आमचा सगळ्यात चांगला व्होकल आंब्याच्या अढीच्या खोलीत झाला. मे संपत आला होता, शेवटच्या पेट्या गेल्या होत्या, आणि खोलीत गुडघाभर पेंढा तसाच होता. आत शिरून मी सहज घसा खाकरला आणि थबकलो. आवाज तोंडातून निघाला आणि तिथेच संपला, मागे काहीच उरलं नाही. पेंढा जाड असतो, पोकळ असतो, आवाज त्यात शिरतो आणि बाहेर येत नाही. आम्ही पेंढ्यावर ओल्या चादरी पसरल्या, कारण त्याची धूळ घशाला वाईट, दोन गोधड्या टांगल्या आणि पाऊस लागायच्या आत चार दिवसांत तीन गाणी उरकली. आंब्याचा वास त्या खोलीत अजून होता. तेच टेक आज ऐकले तरी मला तो येतो.

खोली नीट करायला जागाच नसेल तर अंतर तुमच्या हातात आहे. माईकपासूनचं अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज 6 डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणजे जवळ येणं हा सगळ्यात स्वस्त उपचार. पण फार जवळ आलं की अशा समोरचंच ऐकणाऱ्या माईकमध्ये खालचे सूर फुगतात आणि आवाज बोजड होतो. म्हणून कंडेन्सर माईक असेल तर अंगठा ते करंगळी, एक वीत. डायनॅमिक असेल तर चार बोटं. दोन्हींत फरक काय? कंडेन्सर नाजूक पडद्याचा, त्याला इंटरफेसमधून, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीतून, 48 व्होल्ट लागतात, आणि तो बारीकसारीक सगळं टिपतो. अंगणातला कोंबडासुद्धा. डायनॅमिक दणकट, जवळचंच ऐकणारा. 1966 साली आलेला शुअर कंपनीचा एसएम 58 आजही जगभर स्टेजवर दिसतो तो याच जातीचा. न सजवलेल्या खोलीत, मोठ्या आवाजात गाणाऱ्या रॉक गायकाने डायनॅमिकच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

मराठीत गाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. आपली भाषा महाप्राणांची आहे. ख, घ, ध, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माईकच्या पडद्यावर ‘भप्’ असा आदळतो. तळहात तोंडासमोर धरून ‘भरती’ आणि ‘परती’ म्हणून बघा. म्हणून माईक ओठांच्या अगदी समोर नको, जरा बाजूला सरकवून तोंडाकडे वळवलेला असावा. मध्ये भरतकामाच्या रिंगणात ताणलेला जुना नायलॉनचा मोजा लावला तरी पॉप फिल्टरचं काम होतं. स, श, छ हे टोचणारे वर्ण. माईक थोडा खाली, हनुवटीच्या रेषेत घेतला की बोथट होतात. आणि उंच सुरावर ‘ई’ आला की तोंड बंद पडतं. ‘नदी’ मधली ‘ई’ वर खेचायची असेल तर जबडा सैल सोडून ती किंचित ‘ए’कडे झुकवा, ऐकणाऱ्याला ‘ई’च ऐकू येते. शब्द लिहितानाच उंच जागी ‘आ’ किंवा ‘ओ’ पडेल असं बघितलं तर आणखी चांगलं.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर सूर आणि ताल दोन्ही डगमगतात. सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने घेतो तो आकडा, 1024 वर असेल तर सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या (44.1 किलोहर्ट्झ) रेकॉर्डिंगला एका फेरीतच 23 मिलिसेकंद जातात, म्हणजे आठ मीटरवरून, अंगणाच्या पलीकडच्या टोकाहून कुणी तुमचं गाणं तुम्हाला ऐकवतंय असं. बफर 128 वर आणा, किंवा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबा, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये येतो. ब्लूटूथ हेडफोन तर नकोच. एक कान अर्धा उघडा ठेवून गायलं की बऱ्याच जणांचा सूर आपोआप जागेवर येतो. रेकॉर्डिंग 24 बिटवर ठेवून सगळ्यात मोठा आवाज मीटरवर वजा 12 ते वजा 6 डेसिबलच्या दरम्यान थांबू द्या. शून्याला टेकला की लाटेचं टोक कापलं जातं आणि ते परत जोडता येत नाही.

विजेबद्दल मात्र गांभीर्याने सांगतो. जुन्या घरांत अर्थिंग नसतं. मग 50 हर्ट्झची घरघर येते, आणि कुणीतरी सुचवतं की प्लगची तिसरी पिन काढून टाक. कधीही काढू नका. गिटारच्या तारांवर हात आणि माईकच्या जाळीला ओठ, या दोहोंमध्ये करंट वाहू शकतो, आणि पावसात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं असताना तो जिवावर बेततो. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. तोपर्यंत रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा, घरघरही बरीच कमी होते.

पावसाळ्यात कंडेन्सर माईक उघड्यावर ठेवू नये. दमट हवेत त्याच्या पडद्यावर ओल धरते आणि मग तडतड ऐकू येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. खाऱ्या हवेने केबलच्या जॅकवर हिरवट थर येतो, तो महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा. पत्र्याच्या छपराखाली जून ते सप्टेंबर व्होकलचा नाद सोडून शब्द आणि चाली करणं बरं.

घशाबद्दल दोन गोष्टी. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. शरीरात मुरून तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून गाण्याच्या दिवशी सकाळपासून पाणी प्या. वाफ मात्र थेट पोचते. आदल्या रात्री उशिरा तिखट कालवण खाऊन लगेच आडवं झाल्यास आम्ल वर येऊन घसा सुजतो. आणि रॉकमधला खरखरीत, फाटल्यासारखा आवाज: तो जाणकार गायक मुख्यतः स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांना थरथरवून काढतात, मूळ तंतू घासून नव्हे. दुखलं की चुकतंय, थांबा. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

टेक किती घ्यायचे? आम्ही पूर्ण गाणं चार वेळा गातो, मग एकेका ओळीला चारांतली बरी निवडतो. पाचव्यानंतर गळा फक्त थकतो. कोरस दोनदा गाऊन एकावर एक ठेवला की आवाज रुंद होतो. बीटल्सच्या जॉन लेननला हे पुन्हा पुन्हा गाणं कंटाळवाणं वाटायचं, म्हणून 1966 मध्ये ॲबी रोड स्टुडिओतल्या केन टाउनसेंड या इंजिनियरने टेपवर आपोआप दुहेरी आवाज करायची युक्ती काढली. सूर दुरुस्त करणारा ऑटो-ट्यून 1997 मध्ये आला. तो करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लाटांचा हिशोब करत. एखादा कणसूर शब्द त्याने सरळ करायला हरकत नाही. मात्र पट्टीच चुकली असेल तर सूर बरोबर येतो आणि घशातला ताण तसाच ऐकू येत राहतो.

शेवटी आवाज गिटारच्या भिंतीत बसवायचा असतो. माणसाचा कान 2000 ते 5000 हर्ट्झला सगळ्यात तीक्ष्ण असतो, आणि डिस्टॉर्शन लावून खरखरीत केलेली गिटार नेमकी तिथे पसरून बसते. व्होकल वाढवत बसण्याआधी गिटारमधून 2500 च्या आसपास दोन-तीन डेसिबल काढा. आवाजाखालचा 80 हर्ट्झपर्यंतचा गाळ कापा. कॉम्प्रेसर हळू आणि जोरात गायलेल्या शब्दांमधलं अंतर कमी करतो, तो थोडाच लावा. रिव्हर्ब, म्हणजे नंतर लावायचा कृत्रिम घुमारा, कितीही मोहात पाडत असला तरी अढीत मिळालेला कोरडेपणा त्यात बुडवू नका.

आमच्याकडे गाणं तयार झालं की फोन पडवीत ठेवून वाजवतो आणि मी माजघरात जाऊन उभा राहतो. पलीकडे स्वयंपाकघरात आई नारळ खवत असते. गाणं संपल्यावर तिला विचारतो, दुसऱ्या कडव्यात काय शब्द होते. तिने सांगितले तर फाईल बंद करतो. नाही सांगितले तर गिटार आणखी एक डेसिबल खाली.